अंतरपाटावरचा हात

अंधाऱ्या खोलीत काम करता, भीती नाही का वाटत, असं मला बायका विचारतात. वाटते. इतकी वर्षं झाली तरी वाटते. कशाची वाटते ते मात्र मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. तोंडाने सांगायला गेले की माझं वाक्य अर्ध्यावरच विरतं आणि समोरची बाई दुसरं काहीतरी बोलू लागते. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षरांनी मला सोडलं नाही. पोटापाण्याला अक्षरंच आली, आणि तीही उलटी वाचायची.

करी रोडला एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा छपाईचा गाळा आहे. हाताची छपाई. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मंडळांचे टी-शर्ट, दुकानांचे स्टिकर. मालक डेनिसशेठ माझगावचे, त्यांच्या वडिलांपासूनचा धंदा. ते बाहेर उजेडात शाई ओढतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. मी आत, अंधारीत. आम्हा दोघांना हे बरं पडतं. त्यांना गप्प बसवत नाही आणि मला बोलवत नाही.

काम काय असतं ते आधी सांगते. लाकडी फ्रेमवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते. तिच्यावर एक दाट लेप द्यायचा, दुधावर साय धरते तितका पातळ, आणि तो अंधारात वाळवायचा. वाळला की जाळीवर त्याचा पापुद्रा होतो. हा पापुद्रा उजेडाने बदलतो. जिथे उजेड लागेल तिथे तो कडक होतो, मग पाणी मारलं तरी निघत नाही. जिथे सावली राहील तिथे तो कच्चा राहतो आणि धुऊन जातो. म्हणून काचेच्या टेबलावर आधी डिझाइनची पारदर्शक फिल्म ठेवायची, तिच्यावर लेप दिलेली फ्रेम, आणि खालून ट्यूब लावायच्या. फिल्मवरची काळी अक्षरं सावली धरतात. नंतर फ्रेम धुतली की त्या अक्षरांच्या जागी जाळी उघडी पडते, आणि वरून पट्टीने शाई ओढली की ती तिथून खाली कापडावर उतरते. एवढंच आहे.

आमच्या खोलीत पिवळा बल्ब असतो, कारण पिवळा उजेड त्या लेपाला दिसत नाही. त्याला दिसतो निळा आणि जांभळा. टेबलाखालच्या ट्यूब तशाच आहेत, जांभळट. त्या लागल्या की शेठचा पांढरा शर्ट निळा पेटतो आणि त्यांचे दात अंधारात वेगळे दिसायला लागतात. बोलत असतील तर मी दुसरीकडे बघते.

आता राहिलं काळं कापड. खालून आलेला उजेड लेपात थांबत नाही. थोडा आरपार जातो, आणि पलीकडे जे असेल त्याच्यावर आपटून परत येतो. पलीकडे पांढरं असेल तर खूप येतो, चकचकीत असेल तर त्याहून जास्त. परत आलेला हा उजेड नको तिथे शिरतो, सावलीतलासुद्धा लेप कडक करतो, बारीक रेघा बुजवतो. म्हणून फ्रेमच्या आत, जाळीला चिकटून, काळं कापड घालायचं आणि त्यावर वजन ठेवायचं. काळं कापड उजेड गिळतं, परत काही देत नाही. मागे काय ठेवलं आहे ते लेपाला कळतं. त्याला मागचंही दिसतं असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे, आणि माझी भीती म्हणाल तर ती इथली आहे.

एकदा समोर, मिलच्या जागेवर, काचेचा टॉवर उभा राहिला. त्यानंतर आमच्या फ्रेम बिघडू लागल्या. दुपारी वाळत ठेवलेल्या प्रत्येक फ्रेमवर एक आडवा पट्टा आपोआप कडक व्हायचा, जणू कुणीतरी बोट ओढून गेलं आहे. शेठनी लेप बदलला, ट्यूब बदलल्या. मग दारावर लिंबू-मिरची आणि क्रूस दोन्ही शेजारी शेजारी लावले. "कोण ऐकेल ते ऐकेल, प्रमिलाबाई," म्हणाले. पट्टा येतच राहिला. एका दुपारी मी आत नुसती बसून राहिले. तेव्हा माझ्या मनगटावर उजेडाची एक पट्टी आली, बारीक, आणि हळूहळू पुढे सरकत भिंतीवर गेली. वर, छताजवळ एक झरोका आहे, उत्तरेकडचा. तिथून ऊन कधीच येत नव्हतं, म्हणून तो आम्ही मोकळा सोडला होता. टॉवरच्या काचांनी सूर्य परत पाठवला होता. ज्या बाजूला सूर्य कधी नव्हता त्या बाजूने ऊन येत होतं. झरोक्याला काळा रंग मारला आणि पट्टा थांबला. पण ती पट्टी माझ्या हातावरून सरकली तो स्पर्श, खरं तर स्पर्श नव्हताच, तरी अजून आठवतो.

जुन्या जाळ्यांचंही तसंच. काम झालं की लेप खरवडून जाळी परत वापरतात, पण आधीच्या कामाची फिकट सावली धाग्यांत राहते. शेठ तिला भूत म्हणतात. ती छापली जात नाही, फक्त जाळी उजेडासमोर धरली की दिसते. बारशाच्या पत्रिकेसाठी जाळी काढावी आणि तिच्यात 'शोकाकुल' वाचावं, असं मला कितीदा झालं आहे. मी ती जाळी मुकाट्याने बाजूला ठेवते आणि दुसरी घेते.

हे सगळं सांगितलं ते राणेकाकींच्या अंतरपाटासाठी.

हल्ली अंतरपाट छापून घेतात. लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरायचं ते कापड पूर्वी साधं असायचं, फार तर कुंकवाचं स्वस्तिक. आता त्यावर गणपती, नावं, वेलबुट्टी. राणेकाकी लालबागच्या. त्यांच्या मुलाचं, महेशचं, हे दुसरं लग्न. पहिली सून सुजाता आजाराने गेली होती. मूलबाळ नव्हतं. नवी मुलगी कल्पना, घोडपदेवची, लालबागमध्येच एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला. चाळिशीला आलेली. तिचं पूर्वी एकदा ठरून मोडलं होतं. अंतरपाटाचं डिझाइन तिनेच आणलं होतं. मध्ये गणपती, त्याच्यामागे बारीक ठिपक्यांची मोठी प्रभा, खाली दोघांची नावं.

फ्रेम उजेडाला लावायच्या दिवशी राणेकाकी स्वतः आल्या. कामाच्या वेळी गिऱ्हाईक आत येत नाही, पण काकींना 'नको' म्हणणारा माणूस जन्माला यायचा होता. पिवळ्या उजेडात त्यांनी सगळीकडे बघून घेतलं, आणि मी काळं कापड उचललं तसा त्यांनी माझा हात धरला.

"गो बाय, ह्या काय घालतस? काळा?"

"मागे घालावं लागतं, काकी. उजेड परत येऊ नये म्हणून."

"येवंदे परत. अंतरपाटाक काळा लावतत? माझ्या झिलाचा लगीन आसा, बारावा नाय." त्यांनी पिशवीतून एक घडी काढली. मोतिया रंगाची रेशमी साडी, जरीचे काठ. "ह्या घाल."

मी म्हटलं, याने ठिपके बुजतील. म्हणजे म्हणायला गेले. 'ठिप' एवढंच बाहेर आलं. दारातून शेठ म्हणाले, "घाला हो प्रमिलाबाई. अक्षरं मोठी आहेत, काय होणार आहे? काकींचं समाधान होऊ दे."

मी साडीची घडी जाळीवर पालथी घातली, वर फोम, वर वजन. काकींनी साडीवरून हात फिरवला आणि काहीतरी पुटपुटल्या. मग ट्यूब लागल्या आणि फ्रेमच्या कडांतून जांभळा उजेड बाहेर झिरपला. काकी लगेच मागे सरकल्या. "आगाई," म्हणाल्या, "मसणासारख्या दिसता."

नंतर फ्रेम धुताना प्रभेतले ठिपके कुठे उघडे, कुठे बुजलेले वाटले. पिवळ्या उजेडात नीट कळत नाही. कापड एकच छापायचं होतं; शेठनी बाहेर शाई ओढली, कुंकवाच्या रंगाची. फ्रेम उचलली आणि बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. जो माणूस शिंकतानासुद्धा बोलतो तो गप्प झाला, म्हणून मीच बाहेर गेले.

"तुमचा हात लागला काय?" त्यांनी विचारलं.

मी दोन्ही तळवे दाखवले. स्वच्छ होते.

गणपतीच्या शेजारी, प्रभेत, एक हात उमटला होता. माणसाच्या हाताएवढा. तळवा, पाची बोटं, बोटं जरा फाकलेली. शाईचा हात कुणी टेकवला असता तर फासल्यासारखं दिसलं असतं. हा ठिपक्यांचा होता. आजूबाजूचे ठिपके बुजून फिके झालेले, आणि हाताच्या आकारातले तेवढे उघडे राहून लाल झालेले. फिल्मवर असं काही नव्हतं. शेठनी फिल्म खिडकीशी नेऊन तीनदा पाहिली आणि छातीवर क्रूस केला.

"दुसरं काढू," ते म्हणाले. "काळं कापड घाला. हे दाखवायचंच नाही कुणाला."

पण राणेकाकी आणि कल्पना जिन्यातच होत्या. खरेदीला निघाल्या होत्या, वाटेत कापड न्यायचं म्हणून आल्या. टेबलावर ते पसरलेलं होतं. काकींनी पाहिलं आणि त्या खाली स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला.

"डावो हात," त्या म्हणाल्या.

खरंच तो डावा दिसत होता. 

"डावा असला म्हणून काय झालं, काकी?" कल्पना म्हणाली. "छपाईत काहीतरी चुकलंय. हो ना हो?"

"गप रव. ती सगळा डाव्या हातान करी. जेवणसुद्धा वाढी. मीच कितीदा तिका ओरडलंय." काकी त्या हाताकडेच बघत होत्या. "ती साडी तिची. ती अहेव गेली, म्हणून तिका मान दिलंय. म्हटलंय, तुझ्याही हातान होवंदे हे लगीन. आणि तिना काय केल्यान बघ. हात आडवो केल्यान."

आम्हाला तोवर साडी कुणाची ते माहीतच नव्हतं. शेठनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

खरोखर तो हात थांब म्हटल्यासारखा दिसत होता. अंतरपाट नवरा-नवरीच्या मध्ये धरतात, आणि त्यावर असा आडवा हात.

"लगीन होवचा नाय," काकी म्हणाल्या. "मी महेशाक सांगतंय आज." साडी पुढे केली तर त्यांनी हात मागे घेतले. "ती हयच ठेव. घरात नको."

त्या एकट्याच जिना उतरल्या. कल्पना थोडा वेळ उभी राहिली, मग त्यांच्यामागे गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत आली. शेठ जेवायला गेले होते. अंधारीच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "मावशी, खरं सांगा. हे कसं आलं?"

मी म्हटलं, साडी रेशमाची. उजेड परत आला. काठाची जर तर आरशासारखीच, म्हणून तिथे एक फिकी रेघ आली आहे. तेवढं मला समजतं.

"आणि हात?"

"तो नाही समजत."

ती फ्रेमकडे बघत राहिली. "आमच्याकडे दातात भरलेला मसाला निळ्या उजेडाने घट्ट होतो. असाच, डोळ्यादेखत. पण त्यात कधी कुणाचा हात नाही उमटला." हसायला गेली, पण जमलं नाही. "महेश फोनवर नुसतं 'बघू' म्हणतोय. आईपुढे बोलायचा नाही तो. पहिल्या वेळी मोडलं ना, तेव्हा मुलगा पळून गेला होता. त्याला शिव्या तरी देता आल्या. आता कुणाला देऊ? मेलेल्या बाईशी कसं भांडायचं, मावशी?"

मी तिला पाणी दिलं. जाताना ती म्हणाली, "रविवारी काकी सगळ्यांना फोन करून लग्न मोडल्याचं कळवणार आहेत."

ती गेल्यावर मी साडी काढली. आधी पिवळ्या बल्बखाली उलगडून पाहिली, काही नाही. मग खिडकीशी नेली. सुंदर कापड होतं, रिठ्याने धुतलेलं, जपलेलं. कुठेही डाग नाही. जाळीला लागलेली घडी मी काठाच्या रेघेवरून ओळखली, त्यावर बोटं फिरवली. काही नाही. मग आत आले, दार लावलं आणि उगाच, काय करावं ते कळेना म्हणून, ती घडी काचेसमोर धरली आणि ट्यूब लावल्या.

हात पेटला.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. साडीच्या मधोमध तो हिरवट पिवळा लखलखत होता. बोटं, बोटांमधल्या फटी, तळव्याचा खोलगट भाग. माझ्या हातातल्या साडीवर कुणीतरी पलीकडून हात ठेवला होता. मी ओरडले नाही, मला ओरडताही येत नाही. साडी सोडली असती तरी चाललं असतं, पण बोटं उघडेनात. मी खाली मान घातली, तर माझ्याच पदरावर एक ठिपका तसाच हिरवा पिवळा जळत होता.

त्या ठिपक्याकडे मी किती वेळ बघत होते ते सांगता येणार नाही. तिथे थोड्या वेळापूर्वी डब्यातली डाळ सांडली होती. पुसली होती, पाणी लावलं होतं.

ट्यूब बंद केल्या. डब्याच्या झाकणाला लागलेली डाळ बोटाने एका चिंधीला लावली, चिंधी धुतली, चोळली, परत ट्यूब लावल्या. चिंधीवर माझं बोट पेटलं.

हळद होती. सुजाताच्या लग्नातली हळद. इतकी धुतली गेली की आपल्या डोळ्यांना कापड कोरं दिसायचं, पण पिवळेपणा पूर्ण गेला नव्हता. आणि पिवळं म्हणजे त्या जांभळ्या उजेडाला काळंच. रेशमाने सगळीकडून उजेड परत पाठवला आणि ठिपके बुजवले, हळदीने तेवढ्या जागेत गिळून टाकला. सगळी साडी पांढऱ्यासारखी वागली आणि हळदीचा हात माझ्या काळ्या कापडासारखा. कारण समजल्यावर भीती जाते असं म्हणतात, माझी पुरती गेली नाही. ती बाई नव्हती, पण तिच्या अंगावरून काढलेली साडी होती, आणि त्या साडीने तो हात इतकी वर्षं आत धरून ठेवला होता.

मी शेठना सांगितलं. त्यांनी स्वतः ट्यूब लावून पाहिलं. मग त्यांनीच कल्पनाला फोन केला. काकींना कसं आणायचं ते तिच्यावर सोडलं. ती त्यांना म्हणाली, साडी समुद्रात सोडायची असेल तर तुमच्या हातून सोडायला हवी, मी शिवणार नाही.

काकी आल्या त्या साडी घेऊन निघायच्या तयारीने. अंधारीत यायला तयार नव्हत्या. कल्पनाने त्यांचा दंड धरला. मला बोलायचं होतं, आणि आदल्या रात्री मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आठवलं नाही. मी साडी धरली आणि शेठना मान हलवून खूण केली. त्यांनी ट्यूब लावल्या.

काकींनी तोंडावर पदर घेतला. "बंद कर! बंद कर ता!"

"काकी, हळद आहे," मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला. "भूत नाही. हळद आहे. आणि नीट बघा, इथे उजवा हात आहे. साडी जाळीवर पालथी घातली होती, म्हणून छापताना उलटा झाला. आमच्याकडे सगळं उलटं होतं."

पदर थोडा खाली आला.

"उजवो?"

"अंगठा बघा."

कल्पना पुढे वाकली. तिचे दात आणि डोळ्यांचा पांढरा भाग निळा दिसत होता. "काकी, तिला हळद कुणी लावली होती?"

काकींनी उजवा हात पुढे केला, मध्येच थांबवला. रोज स्वयंपाक करणारी बाई. त्या उजेडात त्यांच्याही नखांच्या कडा आणि बोटांची पेरं बारीक हिरवी जळत होती. त्यांनी तो हात साडीवरच्या हातावर ठेवला. अंगठ्यावर अंगठा, बोटांवर बोटं. साडीवरचा हात त्यांच्या हाताखाली पूर्ण झाकला गेला.

"माझोच," त्या म्हणाल्या. "पयली हळद मीच लायलंय. ती रडत होती. एकसारखी रडत होती. म्हणान तिच्या पाठीर हात ठेवलंय. म्हटलंय, रडा नको, ह्या घर तुझाच." हात तसाच होता. "साडी खराब झाली म्हणान मगे तीच माका हसली."

मला वाटलं, झालं, सुटलं सगळं. शेठनाही तसंच वाटलं असावं. ते दिव्याकडे वळले होते. तेवढ्यात काकींनी हात झटकन काढून घेतला आणि उलटा करून बघितला, जळणारी पेरं, नखं.

"म्हणजे माझोच हात लागलो तिका," त्या हळू म्हणाल्या. "आणि ती गेली."

शेठनी ट्यूब बंद केल्या. पिवळ्या बल्बमध्ये सगळे परत साधे दिसू लागले, काकीही. "लगीन होवंदे," त्या कल्पनाला म्हणाल्या. "तुझी काय चूक नाय. पण मी तुका हळद लावचंय नाय. ओटी भरूचंय नाय. माझो हात तुझ्या अंगाक लागता नये."

"काकी, असं काय करता?"

"मी सांगतंय ता ऐक."

मी नवा अंतरपाट काढला, मागे काळं कापड घालून. या वेळी कुणी अडवलं नाही. गणपती स्वच्छ आला, प्रभेचा ठिपका न् ठिपका उघडा. जुनी फ्रेम खरवडून धुतली. ती जाळी उजेडासमोर धरली तर त्यात अजून पंजा आहे, फिकट. मी ती वापरत नाही, टाकतही नाही.

हळदीला कल्पनाने मला घोडपदेवला बोलावलं. मला गर्दीत जायला आवडत नाही, तरी गेले. चाळीच्या गॅलरीत पाट मांडला होता. तिच्या घरच्यांनी आणि लालबागच्या बायकांनी हळद लावली, गाणी म्हटली, चिडवलं. "आता तरी गोरी हो गो!" "दातांच्या डॉक्टराक सांगून नवऱ्याचे दात काढून घे आधी, मगे चावूचो नाय!" राणेकाकी जिन्याच्या कठड्याशी उभ्या होत्या, हातांची घडी घालून, पंजे काखेत दाबून. बायका बोलावत होत्या. त्या नाही नाही करत होत्या, "माका गुडघ्यान बसाक जमणा नाय" म्हणत होत्या. खरं कारण तिथे फक्त आम्हा तिघींना माहीत होतं.

कल्पना पाटावरून उठली. तोंड, हात, मान सगळं पिवळं. अंगावर साधी पांढरी साडी, काठ लाल. हळदीची वाटी घेऊन ती काकींसमोर जाऊन उभी राहिली. गाणं थांबलं.

"काकी, हात."

"तुका सांगितलंय ना."

"तुम्ही सांगितलंत. मी हो म्हटलं नव्हतं."

तिने काकींच्या काखेतून उजवा हात ओढून काढला. त्या ओढत होत्या, ही सोडत नव्हती, आणि बघणाऱ्या बायकांना ती गंमत वाटून त्या हसायला लागल्या. तिने त्यांचा तळवा वाटीत बुडवला. मग त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली, खांद्यावरचा पदर बाजूला सारला आणि वाट बघू लागली. तिचे खांदे वर आलेले होते, थंड पाणी अंगावर पडण्याआधी येतात तसे. घाबरली होती ती. दातांच्या दवाखान्यात रोज निळ्या उजेडाशी काम करणारी, सगळं कळलेली बाई घाबरली होती, तरी हलली नाही.

काकींचा हात हवेत होता. त्यावरून हळद मनगटाकडे ओघळत होती. मला वाटलं, त्या पळून जातील. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही.

त्यांनी बोटांची टोकं तिच्या पाठीला लावली आणि लगेच उचलली.

"असं नाही," कल्पना मागे न बघता म्हणाली. "पूर्ण टेकवा."